अँटीव्हायरस टाकला की फोन सुरक्षित? एकेक दावा तपासू

गेली कित्येक वर्षं शब्द बदलून फिरणाऱ्या एका सल्ल्याचा गोषवारा असा: फोन म्हणजे खिशातला कॉम्प्युटरच, त्यामुळे त्यालाही अँटीव्हायरस लागणारच. आयफोनवालेही यातून सुटलेले नाहीत. फोन तापतोय, बॅटरी भराभर उतरतेय, जाहिराती उसळतायत, म्हणजे व्हायरस शिरलाय. आजच एक चांगला अँटीव्हायरस टाका, रोज पूर्ण स्कॅन करा, मग कुठलीही लिंक बिनधास्त उघडा.

यातली भीती निराधार नाही. फोनमधून पैसे जातात, मेसेज वाचले जातात. फसगत आहे ती उपायात. चोरी ज्या वाटेने होते त्या वाटेवर अँटीव्हायरस बहुतेक वेळा उभाच नसतो, आणि तो उभा आहे या समजुतीने माणूस जास्त निष्काळजी होतो.

"फोन म्हणजे कॉम्प्युटरच"

विंडोजवर अँटीव्हायरसची जागाच वेगळी असते. त्याचा एक भाग कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात, बसतो. फाइल उघडायच्या आधी ती त्याच्या नजरेखालून जाते आणि चालू प्रोग्राम तो जागच्या जागी बंद पाडू शकतो. फोनवर ही जागा बाहेरच्या कुठल्याही कंपनीला मिळत नाही.

अँड्रॉइड प्रत्येक ॲपला इन्स्टॉल होतानाच स्वतंत्र लिनक्स यूझर आयडी देतं. त्या ॲपचा खासगी फोल्डर दुसऱ्या ॲपला उघडता येत नाही. त्यावर एसईलिनक्सच्या (कुणी कशाला हात लावायचा हे ठरवणाऱ्या) नियमांचा आणखी एक थर असतो, तो अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून, पूर्णपणे लागू आहे. ही बंधनं अँटीव्हायरसलाही तशीच लागू, कारण फोनच्या लेखी तोही एक ॲपच. वाड्याचा राखणदार म्हणून ज्याला ठेवलं तो प्रत्यक्षात शेजारच्या खोलीतला आणखी एक भाडेकरू: दुसऱ्याच्या दारावरची पाटी त्याला वाचता येते, आत काय शिजतंय ते दिसत नाही.

मग तो करतो काय? फोनमध्ये कुठली ॲप्स आहेत याची यादी काढतो (अँड्रॉइड ११ पासून यासाठीही खास परवानगी लागते). प्रत्येक ॲपची एपीके फाइल (ज्यातून ॲप इन्स्टॉल होतं ती) इतर ॲप्सना वाचता येते, ती उघडून तिचा हॅश (फाइलचा ठसा), सही केलेलं प्रमाणपत्र आणि कोडमधले ओळखीचे नमुने आपल्या यादीशी ताडून पाहतो. जुळलं तर इशारा देतो. इशारा दिल्यावरही ते ॲप तो स्वतः काढू शकत नाही. अनइन्स्टॉलची चौकट समोर आणतो, बटण दाबायचं तुम्हीच. शिवाय नवं ॲप आल्याची वर्दी त्याला मिळते ती इन्स्टॉल पूर्ण झाल्यावर. ॲप पहिल्यांदा उघडेपर्यंत सहसा चालू होत नाही, म्हणून मधे थोडी फट राहते. तेवढ्यात इशारा आला तर उपयोग, एरवी नाही.

हे चोरांनाही ठाऊक असल्याने बँकेचे पैसे चोरणारी बरीचशी मालवेअर, म्हणजे घातक ॲप्स, दोन हप्त्यांत येतात. पहिलं ॲप खरोखर निरुपद्रवी असतं, पीडीएफ वाचणारं किंवा क्यूआर कोड स्कॅन करणारं. काही दिवसांनी ते "अपडेट आवश्यक" म्हणत खरा माल सर्व्हरवरून उतरवून घेतं. अशा वाहक ॲपला ड्रॉपर म्हणतात. पहिल्या दिवशी स्कॅन केलं तर त्यात काही सापडत नाही, कारण त्या दिवशी त्यात काही नसतंच.

आपलं आपण एका फोनवरून दुसऱ्यावर उडी मारणारे किडे फोनच्या जगात मोजकेच. सिम्बियन फोनवर ब्लूटूथने पसरणारा कॅबीर २००४चा. आयफोनवर २००९ मध्ये आलेला आयकी फक्त जेलब्रेक केलेल्या (ॲपलची बंधनं तोडलेल्या) आणि एसएसएचचा, म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या सोयीचा, मूळ पासवर्ड तसाच ठेवलेल्या फोनांत शिरत होता. आज जे त्रास देतं ते बहुतांशी वापरणाऱ्याने स्वतः इन्स्टॉल केलेलं असतं.

"एक चांगला अँटीव्हायरस टाका"

चांगला कुठला, हे तो सल्ला कधीच सांगत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. एव्ही-कंपॅरेटिव्हज या ऑस्ट्रियातल्या चाचणीसंस्थेने २०१९ मध्ये अँड्रॉइडची २५० अँटीव्हायरस ॲप्स घेतली आणि आदल्या वर्षीच्या २००० नेहमीच्या घातक ॲप्सपुढे उभी केली. ३० टक्क्यांहून जास्त पकडणारी आणि चांगल्या ॲपवर खोटा आळ न घेणारी निघाली फक्त ८०. उरलेल्यांपैकी काहींची तपासण्याची पद्धत बघण्यासारखी होती: कोड वाचायचाच नाही, ॲपचं पॅकेजचं नाव ठरावीक यादीत असेल तर चांगलं, नसेल तर वाईट. काहींच्या करवित्यांनी त्या यादीत स्वतःचंच नाव घालायचं राहून गेलं होतं, त्यामुळे ती ॲप्स स्वतःलाच धोकादायक ठरवत होती.

त्याआधी २०१४ मध्ये व्हायरस शील्ड नावाचं विकतचं ॲप प्ले स्टोअरवर विकत घेतल्या जाणाऱ्या ॲप्सच्या यादीत वर पोचलं होतं, दहा हजारांवर लोकांनी घेतलं होतं. उघडून पाहिल्यावर कळलं की बटण दाबलं की चिन्हातली फुली जाऊन तिथे बरोबरची खूण येते, बाकी काही नाही. ते निदान निरुपद्रवी तरी होतं. २०२२ मध्ये शार्कबॉट हे बँकेचे पैसे परस्पर वळवणारं मालवेअर प्ले स्टोअरवर सापडलं, तेच मुळी अँटीव्हायरसचा वेश घेऊन.

नामांकित नावंही डोळे मिटून घेऊ नयेत. लोक कुठल्या साइटवर काय बघतात याची माहिती अवास्टने जम्पशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकली. बोभाटा झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये जम्पशॉट बंद झाली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १.६५ कोटी डॉलर भरायला लावून जाहिरातींसाठी असा डेटा विकायला बंदी घातली.

दुसरी बाजूही खरी आहे. प्रयोगशाळांच्या चाचण्यांत वरच्या क्रमांकाची ॲप्स ओळखीचे नमुने जवळजवळ सगळे पकडतात, आणि अँड्रॉइडमध्ये आधीपासूनच असलेलं गूगलचं प्ले प्रोटेक्ट त्यांच्या मागे पडलेलं होतं. एव्ही-टेस्टच्या २०२१ च्या चाचणीत ते सगळ्यांत शेवटी होतं. पण प्ले प्रोटेक्टकडे जी जागा आहे ती इतरांकडे नाही. ते इन्स्टॉल व्हायच्या आधी अडवू शकतं, आत आलेलं ॲप तुम्हाला न विचारता निकामी करू किंवा काढून टाकू शकतं, प्ले स्टोअरबाहेरून आलेल्या ॲपलाही तपासतं. ऑक्टोबर २०२३ पासून अनोळखी ॲपचा कोड इन्स्टॉलच्या वेळीच सर्व्हरवर पाठवून तपासायची सोयही त्यात आली. ते चालू आहे ना, एवढं बघा: प्ले स्टोअर, वर उजवीकडे आपलं चित्र, प्ले प्रोटेक्ट, मग दातेरी चाकाचं चिन्ह. तिथे दोन बटणं असतात, ॲप्स स्कॅन करण्याचं आणि अनोळखी ॲप्स तपासणीला पाठवण्याचं. दोन्ही चालू हवीत. फोनवर बोलणारा कुणी "ते जरा बंद करा" म्हणाला, तर फोन ठेवून द्या.

"आयफोनलाही हवाच"

हा दावा सगळ्यांत कच्चा. आयफोनवर एका ॲपला दुसऱ्या ॲप्सची यादीसुद्धा मिळत नाही, त्यांचा कोड वाचणं दूरच. २०१५ मध्ये ॲपलने अँटीव्हायरस म्हणवणारी ॲप्स स्टोअरवरून काढायला सुरुवात केली. आज "सिक्युरिटी" नावाने जे मिळतं त्यात व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक आपल्या वाटेने वळवणारी सोय), पासवर्ड ठेवायची जागा, फसव्या साइट्सची यादी आणि फोटोंचं कुलूप असतं. यातलं काही कामाचं असेलही. व्हायरस शोधणारं त्यात काही नसतं.

म्हणून आयफोन अभेद्य ठरत नाही. २०१५ मध्ये एक्सकोडगोस्ट या मालवेअरमुळे वीचॅटसारख्या ॲपची दूषित आवृत्ती थेट ॲप स्टोअरवर गेली होती, कारण डेव्हलपरांनी एक्सकोडची (ॲप्स बनवायच्या ॲपलच्या सॉफ्टवेअरची) भलतीकडून उतरवलेली प्रत वापरली. २०२१ मध्ये पेगासस हे पाळतीचं सॉफ्टवेअर आयमेसेजमधून, वापरणाऱ्याने एकही बोट न लावता, फोनमध्ये शिरत होतं. ती फट आयओएस १४.८ ने बुजवली. फोनवरच्या अँटीव्हायरस ॲपला हे अडवायला वावच नव्हता. ज्यांना अशा पाळतीची खरोखर भीती आहे (पत्रकार, वकील, कार्यकर्ते) त्यांच्यासाठी आयओएस १६ पासून लॉकडाउन मोड आहे. बाकीच्यांनी वर्षातून दोनदा सेटिंग्ज, जनरल, व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट इथे डोकावावं. आपण किंवा ऑफिसने न टाकलेलं प्रोफाइल दिसलं तर काढून टाकावं.

कॅलेंडरमध्ये "तुमचा आयफोन धोक्यात" अशा नोंदी येत असतील, तर कुठल्या तरी साइटवर चुकून कॅलेंडरची वर्गणी घेतली गेलीय. ते सबस्क्राइब केलेलं कॅलेंडर पुसलं की विषय संपला.

"फोन तापतो, बॅटरी उतरते, म्हणजे व्हायरस"

क्वचित खरं असतं. कॅस्परस्कीच्या लोकांनी २०१७ मध्ये लोआपी नावाचं, चोरून क्रिप्टोचलन खोदणारं मालवेअर चाचणीच्या फोनवर चालू ठेवलं, तर दोन दिवसांत बॅटरी फुगून मागचं झाकण वाकलं. पण पैसे चोरणारं मालवेअर मुद्दाम हलकं ठेवतात. लक्ष वेधून घेण्यात त्याचा तोटाच असतो.

फोन तापायची नेहमीची कारणं साधी असतात: कमजोर सिग्नल, लांबलेला व्हिडिओ कॉल, चार्जिंगला लावून चाललेला गेम, किंवा नुकतंच आलेलं मोठं अपडेट, ज्यानंतर फोन दिवस-दोन दिवस ॲप्सची फेरजुळणी करत बसतो. सेटिंग्जमध्ये बॅटरीचा ॲपवार वापर दिसतो. तिथे वर कोण आहे ते बघा. कधी न उघडलेलं किंवा ओळखू न येणारं ॲप असेल तर शंका घ्यायला जागा आहे. अँटीव्हायरसबरोबर येणारे "रॅम बूस्टर" आणि "क्लीनर" उलट भर घालतात. अँड्रॉइड रॅमची व्यवस्था स्वतःच पाहतं. जबरदस्तीने बंद केलेलं ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायला जास्त बॅटरी लागते.

"जाहिराती उसळतायत, चार व्हायरस सापडलेत"

वेबपेजला फोन स्कॅन करताच येत नाही. त्यामुळे ब्राउझरमधला असला इशारा नेहमीच खोटा, मग तो कितीही लाल असो. टॅब बंद करा. बंद होत नसेल तर ब्राउझरच बंद करा. अशा सूचना वरच्या पट्टीत नोटिफिकेशन म्हणून येत असतील, तर कुठल्या तरी साइटला आपण "अलाउ" म्हटलेलं असतं: क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, आणि अनोळखी साइट्स ब्लॉक. होम स्क्रीनवर मधूनच पूर्ण पडदाभर जाहिरात येत असेल, तर ती दिसत असतानाच अलीकडच्या ॲप्सची यादी उघडा. जाहिरात कुठल्या ॲपची आहे ते बहुधा तिथे कळतं. नाहीतर "इतर ॲप्सच्या वर दिसण्याची" परवानगी कुणाकुणाला दिलीय ती यादी तपासा. गुन्हेगार सहसा टॉर्च, वॉलपेपर नाहीतर कीबोर्ड निघतो.

"मग कुठलीही लिंक बिनधास्त उघडा"

सगळ्यांत घातक ओळ हीच, म्हणून इथे जरा थांबू.

"पार्सल अडकलंय, पत्ता दुरुस्त करा" असा एसएमएस येतो. फ्लूबॉट हा मालवेअरचा प्रकार २०२१-२२ मध्ये याच धाटणीच्या मेसेजांनी देशोदेशी पसरला. जून २०२२ मध्ये युरोपोलने त्याची यंत्रणा बंद पाडल्याचं जाहीर केलं, धाटणी मात्र टिकली. लिंकवरचं पान एक एपीके देतं. फोन विचारतो, या स्रोताकडून ॲप घ्यायचं का? पहिला थांबा हा. पुढे ॲप उघडलं की पडदाभर सूचना येते: सेवा चालू करण्यासाठी ॲक्सेसिबिलिटीत जाऊन आमच्या नावापुढचं बटण चालू करा. दुसरा थांबा हा, आणि खरी चोरी इथेच होते.

ॲक्सेसिबिलिटी ही सोय मुळात कमी दिसणाऱ्या किंवा बोटांनी पडदा हाताळता न येणाऱ्या लोकांसाठी आहे. ती मिळालेलं ॲप पडद्यावरचा मजकूर वाचतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबतं. चोराला दुसरं काय हवं? ते बँकेचं ॲप उघडलं की वर हुबेहूब खोटं लॉगिन मांडतं. एसएमएस आणि नोटिफिकेशन वाचायची परवानगी मागतं आणि "अलाउ" स्वतःच दाबतं. संशय येऊन तुम्ही ते काढायला गेलात, तर ॲपच्या माहितीचं पान उघडतं न उघडतं तोच मिटतं, कारण त्याने परस्पर मागे जायचं बटण दाबलेलं असतं. सेटिंग्जचं पान असं पुन्हापुन्हा आपोआप बंद होणं, यासारखी पक्की खूण दुसरी नाही.

अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरबाहेरून आलेल्या ॲपला हे बटण सरळ चालू करता येत नाही, "रिस्ट्रिक्टेड सेटिंग" अशी चौकट येते. मग चोर पुढची पायरी सांगतो: ॲपच्या माहितीत जा, कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, "अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज" निवडा. कुठलीही बँक, कुरियर किंवा सरकारी खातं ही पायरी सांगत नाही. या अडसराला वळसा घालणारे ड्रॉपरही निघाले आहेत, त्यामुळे चौकट आली नाही म्हणजे ॲप स्वच्छ, असं समजू नका.

इथे निदान एपीके होती, चांगल्या अँटीव्हायरसने ती कदाचित ओळखलीही असती. पण बऱ्याच फसवणुकींत फाइल नसतेच. खोट्या पानावर तुम्ही पासवर्ड टाकता. फोनवरच्या माणसाला ओटीपी सांगता. त्याच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं ॲप घेता, आणि ते ॲप खरंखुरं, प्ले स्टोअरवरचं असतं. अँटीव्हायरसने यात पकडायचं काय? त्याचं "वेब संरक्षण" फसव्या साइट्सची यादी ताडून पाहतं, तेच काम क्रोम सेफ ब्राउझिंगने करतो. वर त्या संरक्षणासाठी ॲप एकतर ॲक्सेसिबिलिटी मागतं किंवा फोनमध्येच एक व्हीपीएन उभारतं. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, तेव्हा ऑफिसचा व्हीपीएन लावला की हे संरक्षण बंद पडतं. ॲक्सेसिबिलिटी मागणं त्याहून वाईट, कारण सुरक्षेच्या नावाखाली ते बटण चालू करायची सवय लागते.

उरल्या सिस्टममधल्याच फटी. २०१५ ची स्टेजफ्राइट फक्त एका एमएमएसने फोन ताब्यात देऊ शकत होती. त्या धक्क्यानंतरच अँड्रॉइडची मासिक सुरक्षा अपडेट्स सुरू झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीत दोष निघाला आणि ब्राउझरांपासून मेसेजिंग ॲप्सपर्यंत सगळ्यांना अपडेट काढावं लागलं. असल्या फटी अँटीव्हायरस बुजवू शकत नाही. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, अँड्रॉइड व्हर्जन इथे सुरक्षा अपडेटची तारीख असते. ती सहा महिन्यांपूर्वीची असेल आणि नवं काही येतच नसेल, तर अँटीव्हायरसपेक्षा नव्या फोनचा विचार करा, किंवा निदान बँकेचं काम त्या फोनवर करू नका.

"रोज पूर्ण स्कॅन"

दहा हजार फोटो आणि गाणी तपासून हाती काही लागत नाही. डाउनलोड्समध्ये पडलेली घातक एपीकेदेखील इन्स्टॉल करेपर्यंत निर्जीव असते. प्रगतीची पट्टी सरकताना बघायला बरं वाटतं, इतकंच.

शिरलंच असेल तर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी एअरप्लेन मोड लावा, आणि वायफाय वेगळं बंद झालंय का ते बघा. ते कधीकधी चालूच राहतं. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, ईमेलचा पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा. मग सेफ मोड: पॉवर बंद करायचा मेनू आणून "पॉवर ऑफ"वर बोट दाबून ठेवलं की बहुतेक फोनांत तो पर्याय येतो. सेफ मोडमध्ये बाहेरची ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे ते आडमुठं ॲप आता बटण दाबू शकत नाही. ॲक्सेसिबिलिटीतून त्याचं बटण बंद करा, डिव्हाइस ॲडमिन ॲप्सच्या यादीतून खूण काढा, आणि मगच अनइन्स्टॉल करा. ॲडमिनची खूण तशीच असेल तर अनइन्स्टॉल अडतं. होम स्क्रीनवर चिन्ह नसलं तरी "सगळी ॲप्स" यादीत ते सापडतं, बऱ्याचदा "सिस्टम अपडेट" असल्या नावाने. शेवटी नोटिफिकेशन वाचायची परवानगी आणि एसएमएसचं मुख्य ॲप तपासा. नेटवर्क परत चालू केल्यावर *#२१# लावून कॉल भलत्या नंबरवर वळवलेत का तेही बघा. वळवलेले असतील तर ##००२# ने सगळे रद्द होतात.

खात्री नसेल तर फॅक्टरी रिसेट. फोटो आणि संपर्क वाचवा, ॲप्स मात्र प्ले स्टोअरवरूनच नव्याने घ्या. रिसेटनंतरही तेच परत आलं तर ते सिस्टमच्या भागात बसलंय: एक्सहेल्पर या मालवेअरने जुन्या अँड्रॉइडवर हेच केलं होतं, आणि ट्रायडा हा दुसरा मालवेअर काही फोनांत पुरवठादाराकडूनच भरून येत होता. तिथे अँटीव्हायरस नाव सांगेल, काढू शकणार नाही. कंपनीचं मूळ फर्मवेअर, म्हणजे फोनची अख्खी सिस्टम, नव्याने चढवावं लागतं.

अँटीव्हायरस कुणी घ्यावा, तर प्ले स्टोअरबाहेरची ॲप्स नेहमी घेणाऱ्याने, गूगलच्या सेवा नसलेला फोन वापरणाऱ्याने, आणि जवळच्याच कुणीतरी पाळतीचं ॲप टाकल्याचा संशय असणाऱ्याने. प्रयोगशाळांच्या अलीकडच्या यादीतला निवडा. फुकट आवृत्ती स्कॅनपुरती पुरते. पाळतीच्या बाबतीत मात्र सापडल्या सापडल्या काढू नका. ॲप गप्प झाल्याचं टाकणाऱ्याला लगेच कळतं, तेव्हा आधी दुसऱ्या फोनवरून मदत मिळवा आणि पडद्याचे फोटो पुरावा म्हणून काढून ठेवा.